शेकलेला डफ

पडदा उघडायला पाच मिनिटं होती आणि डब्लिनहून आणलेला माझा आयरिश डफ बद्दबद्द वाजत होता. कोल्हापूरच्या दमट हवेनं कातडं सैलावलं होतं. स्पॅनिश फ्लेमेंकोची गिटार आणि जॅझचा सॅक्सोफोन स्टेजवर तयार होते, पण दोघांना नाचवणारा ठेका डफाचाच होता. स्वागताला बोलावलेले हलगीवाले अंबादासमामा म्हणाले, "आण हिकडं, नसरीन. शेकल्याबिगर कातडं बोलतंय व्हय?" त्यांनी मागच्या दारात कागद पेटवले. डफ ज्वाळेवर फिरू लागला, तसे मी डोळेच मिटले. मामांनी डफावर थाप मारली. टण्ण! "घे, पळ आता!" मी धावत स्टेजवर गेले आणि सहा मात्रांचा आयरिश ठेका धरला. विंगेतून मामा ओरडले, "आगं, ह्यो तर कुस्तीच्या मैदानातला ठेका!" आणि त्यांची हलगी कडाडली. फ्लेमेंकोची टाळी मी लोकांना शिकवणार होते. त्याआधीच पहिल्या रांगेतल्या फेटेवाल्या आजोबांनी उठून समेवर शड्डू ठोकला.