दुसरं नाव

हरिओमनं बायकोचे, सुरेखाचे, केस मनगटाला गुंडाळले, तेव्हा त्याची आई उषाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. पुढचं तिला पाठ होतं. आधी केस, मग भिंत, मग हाताला लागेल ते. तिचा नवरा धर्मराज जिवंत होता तोवर तोही असाच मारायचा, आणि लहानगा हरिओम कोपऱ्यात बसून बघायचा.

मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते. आजचं निमित्त एका चिठ्ठीचं होतं. सुरेखाच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, हरिओमला भोकरदनच्या महिला समुपदेशन केंद्राचा नंबर सापडला होता. त्या केंद्राची बेबीनंदा दर मंगळवारी त्यांच्या गावच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या, अंगणवाडीत बायकांची बैठक घ्यायची. दोनदा ती घरीही येऊन गेली होती. दोन्ही वेळा उषाबाईनं तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. एकदा सांगितलं, सून न्हाणीत घसरली. दुसऱ्यांदा सांगितलं, म्हशीनं शिंग मारलं.

माझी इज्जत गावात वाटून राह्यली का, असं विचारत हरिओम बायकोचं डोकं भिंतीवर आपटत होता. उत्तर त्याला नकोच होतं. भिंतीचा पोपडा खाली पडला. मग त्यानं ठिबकच्या पाइपाचा तुकडा उचलला. आधी पाइपाचा सूंऽ असा आवाज ऐकू यायचा, मग सुरेखाचं ओरडणं.

तेवढ्यात त्यांची पाच वर्षांची पोर रितिका चहा-बिस्किटावरून उठली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं टीव्हीचा रिमोट शोधला आणि आवाज पार शेवटपर्यंत वाढवला. मग दाराशी जाऊन, टाचा उंचावून, कडी लावली. आणि परत जाग्यावर बसून बिस्कीट चहात बुडवलं.

हे काम उषाबाईचं होतं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सहा वर्षं ती हेच करत आली होती. पोरीनं ते बघून बघून उचललं होतं. आईकडं एकदाही न बघता ती बिस्कीट खात होती.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. उषाबाई उठली आणि पिठाच्या हातांनीच मधे शिरली. हरिओमच्या हातात आता मोडक्या कुऱ्हाडीचा दांडा होता. सुरेखाच्या डोक्यावर येणारा दांडा उषाबाईच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला टीव्हीच्या गोंगाटातही ऐकू आला.

“बाजूला हो, आई. तुला लागंल,” हरिओम म्हणाला.

तिचा हात कोपराखाली लोंबत होता. त्याला तो दिसलाच नव्हता. उषाबाईनं डाव्या हातानं कडी काढली आणि ती अनवाणी, उघड्या डोक्यानं अंगणवाडीकडं धावली.

तिथं बेबीनंदापुढं दहा-बारा बायका बसल्या होत्या. उषाबाई दारातूनच म्हणाली की चला, मारून टाकील तो तिला. कोण, कुणाला, का, असं एकीनंही विचारलं नाही. सगळ्या एकदमच उठल्या. टीव्हीनं इतक्या वर्षांत काहीच झाकलं नव्हतं, हे उषाबाईला त्या वाटेत कळलं.

त्या पोचल्या तेव्हा सुरेखा पालथी पडली होती. हरिओम तिच्या पाठीवर गुडघा रोवून बसला होता आणि पाइप तिच्या गळ्याभोवती आवळत होता. बायकांनी त्याला खाली ओढला. एकीच्या मनगटाचा त्यानं चावा घेतला, रक्त काढलं, तरी तिनं सोडलं नाही. पोलीस येईपर्यंत चौघीजणी त्याच्या अंगावर बसून होत्या.

सुरेखाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. डोक्याला चौदा टाके पडले. उषाबाईचा हात प्लास्टरमध्ये गेला.

पुढच्या आठवड्यात दोघी भोकरदनच्या केंद्रात बेबीनंदासमोर बसल्या. बेबीनंदानं कागद पुढं ओढला. लिहिण्याआधी ती उषाबाईविषयी बोलली. पोटच्या पोराविरुद्ध सुनेसाठी उभी राहणारी सासू आपण पहिल्यांदाच बघितली, म्हणाली. दुसऱ्या गावांतल्या बैठकांमध्येही उषामावशींना घेऊन जायचं तिच्या मनात होतं.  मग बेबीनंदानं सुरेखाला विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध लिहायची.

“दोन नावं लिवा,” सुरेखा म्हणाली. “एक त्याचं. दुसरं ह्या आत्याचं.” तिनं सासूकडं बोट केलं.

बेबीनंदाचा पेन थांबला. तिनं प्लास्टरकडं बघितलं, मग सुरेखाकडं. मावशींनी तुझा जीव वाचवलाय, असं ती हळूच म्हणाली. सुरेखानं कागद तिच्याकडं आणखी सरकवला.

“थांबू नका, ताई,” उषाबाई म्हणाली. “बराबर सांगून राह्यली ती. मागच्या पोळ्याला ही पळून चाल्ली होती, तवा एसटीतून खाली ओढून मीच हिला त्याच्या हाती दिलं.”