पहिली ओळ कोरडी

“पहिली ओळ आजही कोरडीच,” मातीतला ओलावा नोंदवणाऱ्या डेटालॉगरवरचे आकडे वाचून श्यामसुंदर म्हणाले. समोर मळ्याला पाणी देणारा दत्तोबा खोऱ्यावर हात टेकून उभा होता. अंजिराच्या या ओळीला रोज पाणी देतोय, एवढंच तो चार दिवस सांगत होता. सोमवारपासून त्याला पाण्यावरून काढून फाटकावर बसवायचं, हे श्यामसुंदरांनी मनाशी पक्कं केलं होतं.

ठरवताना जड गेलं. दर गुरुवारी हडपसरच्या देवळात दोघं एकाच सतरंजीवर कीर्तनाला बसत. बुवांनी पूर्वरंग आटोपून आख्यान लावलं, की दत्तोबाचे डोळे हमखास भरून यायचे. अशा माणसानं खोटं बोलावं, हेच त्यांना लागलं होतं. पण यंत्राला कुणाशी वैर असतं का?

तरी खात्री करावी म्हणून त्यांनी उपकरणं बघणाऱ्या हेमाला लोणी काळभोरच्या या मळ्यावर बोलावून घेतलं. तिनं बॅटरी तपासली. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या केबली अदलून-बदलून लावल्या. लॉगर ठीक होता. कोरडा आकडा पहिल्या ओळीच्या सेन्सरबरोबरच, म्हणजे मातीत पुरलेल्या कांडीबरोबरच, जागा बदलत होता. मग तिनं दत्तोबाला समजावलं. मातीतली ही कांडी अर्धं मिनिट स्वतःला तापवते. माती ओली असली की तो ताप ओढून घेते. कोरडी असली की कांडी तापलेलीच राहते. पहिली कांडी तापलेलीच राहत होती.

“म्हंजी मीच खोटा,” दत्तोबा म्हणाला.

“थांबा काका. खणून बघू.”

वीतभर खाली माती इतकी ओली, की मुठीत लाडू वळावा. हेमानं कांडी वर काढली, चिखल पुसला आणि थबकली. कांडीवर कारखान्याची प्लॅस्टिकची पिशवी तशीच होती, तोंडाशी घट्ट बांधलेली. आत कांडी कोरडीठाक.

“ही कुणी पुरली, सर?”

बाकीच्या कांड्या हेमाच्या माणसांनी बसवल्या होत्या. ही मुहूर्ताची. गेल्या रविवारी नारळ फोडून श्यामसुंदरांनी ती स्वतःच्या हातांनी पुरली होती. एवढी महागाची वस्तू चिखलानं खराब होऊ नये, म्हणून पिशवी राहू दिली होती. घरी टीव्हीच्या रिमोटवरचंही वेष्टन त्यांनी अजून काढलेलं नव्हतं.

“दत्तोबा...” हेमाच्या हातातली कांडी घेऊन त्यांनी त्याच्यापुढे धरली.

दत्तोबानं कांडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“पिशवी मला तवाच दिसली व्हती, साहेब. पन तुमी घातलेली. म्हनलं, बरूबरच आसंल.”