चढावरचा दगड

शेठकडून रविवारपुरती मागून आणलेल्या मोटारीत बापाला आणि पोरांना बसवून कुशाबा पोलादपूरहून घाट दाखवायला निघाला. पहिला चढ लागताच म्हातारा हैबती म्हणाला, “थांबव रे, उतरतो.” जन्मभर बैलगाडी हाकलेली, चढावर उतरून जनावरांचं ओझं हलकं करायचं, ही त्याची रीत. “आज्या, हिला बैल कुठं हायत?” नात आवडी खिदळली. “धाप तर लागलीय,” म्हणत तो उतरला, सवयीने दगड उचलून मागोमाग चालू लागला. वळणावर मोटार वाफ सोडत बंद पडली आणि पोरांसकट मागे घसरू लागली, ब्रेक धरेना. हैबतीने बाजूने धावत येऊन चाकाखाली दगड सारला. मोटार थांबली. पाणी ओतल्यावर ती निघाली, पण आत एकटा कुशाबा. “चाकामागं नाय, बाजूनं चाला,” हैबती पोरांना शिकवत होता. प्रत्येकाच्या हातात दगड होता, धाकट्याच्या मुठीत खडा.