पाळण्याभोवती

दुपारची जेवणं आटोपली की सगळी कॉलनी हेमलताच्या घरी पाळण्याभोवती येऊन बसे. दवाखान्यात डोक्यावर घालतात त्या चुंबकाच्या टोपीने सगळ्यांची उदासी पार पळवली होती, पण तिच्यासोबत झोपही गेली ती गेलीच. दोन वर्षं डोळ्याला डोळा न लागलेली ही माणसं झोपलेलं बाळ नुसतं बघत बसत.

आज बाळ टक्क जागं होतं. हेमलता थोपटून थोपटून थकली.

"भूक लागली असेल," शेजारचे दामूअण्णा म्हणाले.

"नाही हो अण्णा. सारखं रडायचं, मला बघवेना. लहानांची झोप जात नाही म्हणाले दवाखान्यात, म्हणून काल त्यालाही टोपी घालून आणली."

हेमलताला धाय मोकलून रडायचं होतं, पण रडू येईना. बाळ सगळ्यांकडे बघून गोड हसत होतं.