नळीच्या तोंडावरचा बुडबुडा

मेकॅनिकने स्वतःच्या जीपच्या मागच्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा, हवेवर चालणारा लॉकर बसवला आणि त्याला अगदी भरून पावल्यासारखं वाटलं. आता एक चाक चिखलात घसरलं तरी दुसरं हातपाय गाळणार नव्हतं. लॉकरची हवेची नळी ड्रायव्हरच्या सीटखाली आणून झाली होती, तिथल्या कॉम्प्रेसरला जोडायची तेवढी राहिली होती.

गळती तपासायला त्याने साबणाचं पाणी कालवलं. एक थेंब नळीच्या मोकळ्या तोंडावर पडला. तिथे बुडबुडा फुगला. मग बसला. पुन्हा फुगला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा संथ.

"अडकली असेल हवा," तो स्वतःशीच हसला.

शेजारच्या सीटवर बायको सहलीचे बेत रचत होती. "आधी डोंगरापलीकडे ताईंकडे जाऊ, मग तिथून..."

त्याने सहज नळीवर अंगठा दाबला. ती बोलता बोलता थांबली.

त्याने मान वर केली. तिचे ओठ उघडेच होते. छाती हलत नव्हती.

त्याने झटकन अंगठा काढला.

"...तिथून तळ्यावर," ती म्हणाली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

बुडबुडा पुन्हा फुगायला लागला.

"अहो, बघत काय बसलात? जोडून टाका ना ती नळी एकदाची."