हात पोचेना

किसनरावाचा हात मनगटापर्यंत आत गेला आणि अडकला. त्यानं तो ओढून काढला तेव्हा सालटं निघालं होतं.

"जातच नाही बे!" तो जीपच्या इंजिनावरच खेकसला.

रुख्मिणी बाजूला उभी होती, खांद्यावर लेकरू. त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. उंद्रीच्या कंपाउंडरनं सकाळी त्याचा घसा पाहिला आणि एवढंच म्हणाला, घटसर्प दिसतो, आजच्या आज बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या. सकाळची एसटी निघून गेली होती. दारात जीप होती म्हणून धीर होता. ती नाल्यापर्यंत गेली आणि तेलाचा काटा खाली पडला. चार माणसांनी लोटत परत दारात आणून सोडली आणि ते कापूस वेचायला निघून गेले.

तेलाचा दाब सांगणारा अंगठ्याएवढा पितळी तुकडा फुटला होता. इंजिनाचं तेल तिथून पिचकारीसारखं उडत होतं. तशीच हाकली असती तर चिखलीच्या अलीकडेच इंजिन जाम झालं असतं. नवा तुकडा घरात होता. जुना झिरपू लागला तेव्हाच किसनरावानं तो अकोल्याहून आणून ठेवला होता. पण तो बसवायचा तर इंजिन उचलावं लागतं, दिवसाचं काम, म्हणून आज-उद्या चाललं होतं. आता लांब पान्यानं त्यानं जुना तुकडा सैल केला. पुढं मात्र बोटंच हवी होती. इंजिन आणि मागचा पत्रा यांच्या फटीत हात घालून आटे चाचपत नवा तुकडा फिरवायचा होता. फट होती बारीक. किसनरावाचा हात नांगर धरलेला.

"माहा जाईन," रुख्मिणी म्हणाली. लेकरू तिनं सासूच्या, सोजराबाईच्या, हाती दिलं.

हात गेला, आणि बांगड्या पत्र्याला अडल्या. कासारानं घट्ट भरलेला हिरवा चुडा. साबण लावला तरी एकही बांगडी मुठीवरून उतरेना. रुख्मिणीनं अंगणातला दगड उचलला.

सोजराबाईनं मोकळ्या हातानं तिचं मनगट धरलं. "धनी समोर उभा हाये तुहा. त्याच्या देखत हात उघडे करतं?"

"माय, सोड तिले," किसनराव म्हणाला. "मले काई होत नाही."

"तुहा भाऊबी असंच म्हणे."

दगड रुख्मिणीच्या हातात तसाच राहिला. तिला लेकराची शिट्टी ऐकू येत होती आणि नवऱ्याकडे पाहायची हिंमत होत नव्हती. एकाला वाचवायला दुसऱ्याचं काय पणाला लावायचं, हे आईनं कसं ठरवायचं?

"माहे उघडेच हायेत, आत्याबाई."

दाराच्या आडून जनकाबाई बोलली होती. गुलाबरावाची, किसनरावाच्या मेलेल्या भावाची बायको. बारशाला रुख्मिणीनंच तिला मागच्या खोलीत बसायला सांगितलं होतं. लेकराला नजर लागू नये म्हणून. तेव्हापासून जनकाबाई पाळण्याच्या वाटेलाही गेली नव्हती.

कोणाच्या होकाराची तिनं वाट पाहिली नाही. पदर खोचून ती जीपवर वाकली. सडसडीत, रिकामा हात फटीत कोपरापर्यंत गेला. आतला धुराचा नळ अजून तापलेला होता. तिचा चेहरा आक्रसला, पण हात बाहेर आला नाही.

"फिरून राह्यलं का, वैनी?"

"हाव. लागले आटे."

शेवटी तिनं छोट्या पान्यानं आवळलं. किसनरावानं डब्यातलं तेल ओतलं, जीप सुरू केली. काटा वर चढला आणि तिथंच थांबला.

रुख्मिणी लेकरू घेऊन मागं चढली. तोवर जनकाबाई पाठ फिरवून घरात निघाली होती. कोणी गावाला निघालं की ती नेहमीच आत जायची. तिचं तोंड दिसून निघणाराचं काम अडू नये, हे तिला कोणी रोज सांगायची गरज नव्हती.

"वैनी, कुठं चालल्या?" किसनराव ओरडला. "वाटेत ढिला पडला त कोणाचा हात घालू? बसा!"

सोजराबाई वाटेतून बाजूला सरली.

जनकाबाई मागच्या फळीवर अगदी काठाला बसली, अंग चोरून. भाजलेला हात तिनं लुगड्यात लपवला होता. जीप नाला ओलांडून सडकेला लागली. लेकराला उबळ आली. ते निळं पडू लागलं. जीपच्या हिसक्यांत रुख्मिणीला ते उभंही धरता येईना.

"घ्या, जाऊबाई! उभं धरा याले!"

जनकाबाईनं झेप घालून लेकरू घेतलं. छातीशी उभं धरलं, मान हातावर तोलली, पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं उबळ ओसरली. शिट्टी पुन्हा सुरू झाली, बारीक, पण चालू.

तेव्हा जनकाबाईचं लक्ष गेलं. तिच्या बोटाचं काळं तेल लेकराच्या गालाला लागलं होतं. ती दचकली, घाईघाईनं पदराचं टोक ओढून पुसायला निघाली.

रुख्मिणीनं तिचा हात धरला.

"राहू द्या, जाऊबाई. तीट हाये थे."