सहाचा टॅग

"सहा नंबर मला टाक. एक नंबर संपतला," चांगदेव आप्पा म्हणाले.

त्यांच्या सुनेचा, समृद्धीचा हात कीबोर्डवरच थबकला. दौंडच्या क्लासात शिकून तिनं गावच्या दूध संस्थेचं वेबपेज बनवायला घेतलं होतं. दुपारच्या सभेत ते भिंतीवर दाखवायचं होतं आणि त्याच सभेत चेअरमन निवडायचा होता. आप्पा आणि संपत दोघंही संचालक, दोघंही उमेदवार. फ्लेक्स असो की लग्नपत्रिका, नाव जेवढं मोठं तेवढा माणूस मोठा, एवढं आप्पांना पक्कं ठाऊक होतं.

बाकी सकाळपासून त्यांच्या डोक्याचं दही झालं होतं. कंसात टॅग लिहायचा, मग मजकूर, मग तोच टॅग तिरकी रेघ देऊन पुन्हा. उघडला की बंद करायचा. हे गोठ्याच्या फाटकासारखंच, म्हणून पटलं. पण मथळ्याचे टॅग निघाले एच वन ते एच सिक्स, आणि आप्पा पुन्हा चक्रावले.

"आप्पा, एक म्हंजी सगळ्यात—"

"मला नको शिकवू. साडेतीनच्या फॅटला भाव काय आन् सहाच्या फॅटला काय? जन्म गेला माझा दुधात."

समृद्धीनं सहा टाकला. "आन् ज्यानं पेज केलं त्याचं नाव कुठं टाकू?"

"टाक की, कुणाला दिसणार न्हाई तिथं."

सभेत भिंतीवर संपतचं नाव असं उगवलं, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी ते चष्म्याशिवाय वाचलं. खाली आप्पांचं नाव मुंगीएवढं. संपतनं मिशीवरून हात फिरवला. सहा बारीक कसा, हे काही केल्या आप्पांना उमजेना.

तेवढ्यात जुने सभासद हौसराव मामा उठले. "लय चेअरमन बघितले. सोताचं नाव बारीक टाकणारा ह्योच पहिला! आन् संपतराव बघा, निवडून यायच्या आधीच भिंतीभर झाल्यात."

हशा पिकला. संपतनं अर्ज मागं घेतला. आप्पा बिनविरोध आले आणि नम्रतेवर बराच वेळ बोलले.

घरी येताच त्यांनी समृद्धीला हाक मारली. "सूनबाई, सहापेक्षा बारीक काय असतं का गं?"

"असतं की. कॉमेंट म्हणत्यात. पेजमधी लिहिलेलं असतं, पर बघणाऱ्याला दिसत न्हाई."

"मग माझं नाव तिथंच घाल."

"तिथं माझं हाय, आप्पा."